समुद्र घाटावर चढवण्याआधी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तापू लागला आणि राकसकोप जलाशयाच्या पातळीचे आकडे बातम्यांत येऊ लागले की आपल्या बेळगावात म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात चाललेल्या वादाचा विषय निघतो, आणि तो निघाला की चहाच्या गाड्यावर कोणी तरी हमखास म्हणतो, "नदीसाठी एवढे भांडण कशाला? समुद्र इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. यंत्र बसवा, पाणी गोडे करा आणि घाटावर आणा." हा सल्ला कधी कर्नाटक सरकारला असतो, कधी गोव्याला, पण प्रत्येक वेळी तो अशा सुरात दिला जातो की जणू ही साधी गोष्ट आजवर कोणाला सुचलीच नव्हती. मी पाण्याचा अभियंता नाही. उद्यमबागेतल्या हायड्रॉलिक्सच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या, कारखान्यांत टेस्ट बेंचवर, म्हणजे ती यंत्रे दाबाखाली तपासण्याच्या जागी, मी पस्तीस वर्षे काढली. तरीही या यंत्राचा जीव म्हणजे दाब, पंप, व्हॉल्व्ह आणि गंज असल्यामुळे, आणि या चारही गोष्टींशीच माझे आयुष्य गेले असल्यामुळे, निवृत्तीनंतर मी त्यात थोडे डोके घातले. त्यातून जे समजले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हे पत्र. ते लांबले आहे याची जाणीव आहे.

चहाच्या गाड्यावरची ही कल्पना वेडगळ मात्र नाही. चेन्नईच्या उत्तरेला मिंजूर येथे २०१० मध्ये आणि दक्षिणेला नेम्मेली येथे २०१३ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प सुरू झाले आणि त्या प्रत्येकाची क्षमता दिवसाला १० कोटी लिटर आहे. नेम्मेलीलाच २०२४ मध्ये १५ कोटी लिटरचा आणखी एक प्रकल्प सुरू झाला. २०१९ च्या जूनमध्ये चेन्नईचे तलाव कोरडे पडले तेव्हा नळाला जे काही येत होते त्यातला मोठा वाटा याच पाण्याचा होता. आपल्या राज्यातही मंगळूरजवळ तण्णीरबावी येथे तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी दिवसाला ३ कोटी लिटरचा असा प्रकल्प उभा राहिला, कारण उन्हाळ्यात नेत्रावती आटली की कारखान्याचे काही विभाग बंद ठेवण्याची पाळी येत असे. तेव्हा हे होऊ शकते का, हा प्रश्न जुना झाला. कशाच्या बळावर होते आणि त्यातून मागे काय उरते, हे मात्र आपल्या चर्चेत येत नाही.

यातली जुनी रीत पाहायची असेल तर चोर्ला घाट उतरून काजूच्या हंगामात एखाद्या फेणीच्या भाटीपाशी उभे राहावे. द्रव तापवायचा, वाफ नळीने बाजूला काढायची, थंड करायची आणि थेंब भांड्यात धरायचे, एवढेच काम उष्णतेवर चालणारे निःक्षारीकरणाचे, म्हणजे पाण्यातले क्षार काढण्याचे, प्रकल्पही करतात. मिठागरवाला वाफ उडून जाऊ देतो आणि मीठ ठेवतो. इथे वाफ ठेवायची असते. अडचण एकच आहे, पण ती मोठी आहे. उकळीला आलेल्या एक हजार लिटर पाण्याची पूर्ण वाफ करायला ६२५ युनिट विजेइतकी उष्णता लागते. एवढे जळण कोणालाच परवडणार नाही. म्हणून आखाती देशांतल्या मोठ्या प्रकल्पांत एका कक्षातली वाफ थंड होताना जी उष्णता सोडते तीच पुढच्या कक्षातले पाणी तापवायला वापरतात, आणि प्रत्येक पुढच्या कक्षातला हवेचा दाब आधीच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे कमी तापमानालाही पाणी उकळते. मूळ उष्णताही बहुधा शेजारच्या वीजकेंद्रातून उरलेल्या वाफेची असते. आपल्याकडे कल्पाक्कम येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुवीज केंद्राच्या वाफेवर चालणारा असा प्रकल्प उभारला. त्याच्या दिवसाच्या ६३ लाख लिटर क्षमतेपैकी ४५ लाख लिटर उष्णतेच्या मार्गाने आणि बाकीचे पडद्याच्या मार्गाने मिळतात; त्या मार्गाविषयी पुढे सांगतो.

याच कुळातला, पण मला फार आवडलेला एक प्रकार लक्षद्वीपमध्ये आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती बेटावर दिवसाला एक लाख लिटरचा प्रकल्प सुरू केला, त्यात काहीही जाळले जात नाही. समुद्राच्या पृष्ठभागावरचे कोमट पाणी हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडले की त्यातले थोडे आपोआप वाफ होते, आणि ती वाफ सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने निववली जाते. वीज लागते ती फक्त पंपांना. मिनिकॉय आणि अगत्ती या बेटांवरही नंतर हीच रीत नेली. मग कारवारला का नको, असे कोणीही विचारील. कवरत्तीला किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ एकदम खोल जातो, तर आपल्या गोवा-कारवारच्या किनाऱ्यावर तो मैलोन्‌मैल उथळच राहतो. तेवढे थंड पाणी मिळवण्यासाठी इतका लांब पाइप टाकावा लागेल की सगळा फायदा पाइपातच जाईल.

घराच्या गच्चीवर काच लावून उन्हात पाणी गोडे करण्याचेही प्रयोग आहेत आणि ते खरे आहेत. चिलीच्या वाळवंटात १८७२ मध्ये खाणीसाठी काचेच्या हजारो चौरस मीटर छपराखाली असे पाणी बनवले जात होते. पण एक चौरस मीटर काचेतून चांगल्या उन्हात दिवसाला तीन ते पाच लिटर पाणी मिळते. पिण्यापुरते ते पुष्कळ झाले. आंघोळ, धुणे आणि भांडी धरली तर एका कुटुंबाला शे-दीडशे चौरस मीटर काच लागेल.

आता सध्याचा मुख्य मार्ग. जगातल्या एकूण निःक्षारीकरण क्षमतेपैकी जवळजवळ ७० टक्के क्षमता आज पडद्याच्या मार्गाची आहे, आणि घरोघरी भिंतीला टांगलेल्या आरओ यंत्रात तोच पडदा असतो. त्यामागचे तत्त्व आपल्या घरच्या बायकांना पाठ आहे. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने पाणी सुटते. फोडीच्या आतले पाणी बाहेरच्या मिठाकडे ओढले जाते. ही ओढ म्हणजे एक दाबच असतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि तेवढ्या क्षारांची ओढ सुमारे २७ बार भरते (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा दाब). या ओढीच्या विरुद्ध, तिच्याहून जास्त जोराने खाऱ्या बाजूचे पाणी ढकलले, तर पाणी पडद्यातून गोड्या बाजूला येते आणि क्षार मागे राहतात. लोणच्याच्या बरणीत सुटलेले पाणी दाबून पुन्हा फोडीत भरावे, तसाच हा उलटा उद्योग आहे. असा कामाचा पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी बनवला. त्यातले सौरिराजन आपल्या देशातले, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

प्रत्यक्षात मात्र २७ बारवर भागत नाही. जसजसे गोडे पाणी निघून जाते, तसतसे मागे राहिलेले पाणी अधिक खारे होते आणि ओढ वाढत जाते. पडदा बसवलेल्या नळकांड्याच्या शेवटच्या टोकाला ती पन्नास बारच्या घरात पोहोचते. म्हणून हे प्रकल्प ५५ ते ७० बारवर चालवतात. उद्यमबागेतल्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल, कारण आमच्या बेंचवर दोनशे-अडीचशे बार ही रोजची गोष्ट होती. पण आम्ही तेलावर काम केले आणि हे समुद्राच्या पाण्यावर करायचे आहे. तेल धातूला जपते. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते, आणि आपण ज्याला निर्धास्तपणे स्टेनलेस म्हणतो त्या ३१६ जातीच्या पोलादालाही ते बारीक छिद्रे पाडते. पंपाची, पाइपांची आणि व्हॉल्व्हची किंमत जी वाढते ती दाबामुळे कमी आणि डुप्लेक्स, सुपर डुप्लेक्स अशा महागड्या पोलादांमुळे जास्त. आपल्या बेळगावच्या फाउंड्र्यांना या कामात पुढेमागे मोठा वाव आहे असे मला वाटते, पण तो या पत्राचा विषय नाही.

पडद्याचेही लाड पुष्कळ करावे लागतात. त्याचा खरा काम करणारा थर केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ असतो. समुद्रातला गाळ, शेवाळ, तेलाचा तवंग आणि जिवाणू त्यावर बसले की पाणी जाणे कमी होते, म्हणून आधी गाळणे, गाळ खाली बसवणे, पुन्हा बारीक गाळणे असे करावेच लागते, आणि प्रकल्पाची बरीच जागा या तयारीतच जाते. जिवाणू मारायला क्लोरीन घालावा, तर हाच क्लोरीन पडद्याला खातो; म्हणून पडद्यापाशी येण्याआधी तो दुसरे रसायन घालून काढून टाकावा लागतो. २००८-०९ मध्ये आखातात लाल शेवाळाची लाट आली तेव्हा तिथले काही प्रकल्प बंद ठेवावे लागले होते. आपल्या किनाऱ्याचा पावसाळा डोळ्यांपुढे आणा: जून ते सप्टेंबरमध्ये मांडवी, जुवारी आणि काळी या नद्या तांबडी माती समुद्रात ओतत असतात आणि लाटा तळ ढवळून काढत असतात. त्या चार महिन्यांत पाणी उचलणे सर्वांत अवघड असते. सुदैवाने पाण्याची गरजही तेव्हाच सर्वांत कमी असते, पण तेव्हा बंद राहिलेल्या यंत्राचे कर्ज थांबत नाही.

शिवाय निघालेले पाणी इतके निर्मळ असते की ते तसेच नळात सोडता येत नाही. क्षार नसलेले पाणी भुकेले असते. ते पाइपांचे सिमेंट आणि लोखंड विरघळवू लागते. त्यात चुना आणि कार्बन डायऑक्साइड घालून त्याला पुन्हा थोडे जड करावे लागते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात चार-पाच मिलिग्रॅम बोरॉन असते, आणि ते विद्युतभार नसलेल्या रूपात असल्यामुळे पडद्यातून निसटते. ते काढायला काही ठिकाणी पाणी आम्लारी करून दुसऱ्यांदा पडद्यातून काढतात. क्षार काढायचे, मग थोडे परत घालायचे, असा हा प्रकार आहे.

आता विजेकडे येतो, कारण चर्चा तिथेच फसते. पूर्वीच्या यंत्रांत उरलेले अतिखारे पाणी प्रचंड दाबासकट तसेच सोडून दिले जाई. आज तो दाब एका फिरत्या यंत्रात आत येणाऱ्या नव्या पाण्याला देऊन टाकतात आणि त्या दाबातली ९५ टक्क्यांहून अधिक शक्ती वाचते. हायड्रॉलिक्सवाल्याच्या दृष्टीने या साऱ्या शोधात देखणा भाग कोणता असेल तर हाच. त्याच्या जोरावर एक हजार लिटर गोड्या पाण्याला लागणारी वीज पूर्वीपेक्षा कितीतरी उतरली आणि आज ती पूर्वतयारी, पंपिंग वगैरे धरून तीन ते चार युनिटांवर आली आहे. पण ती अशीच उतरत राहील या भ्रमात कोणी राहू नये. समुद्राच्या पाण्यातून निम्मे पाणी गोडे काढायचे म्हटले तर निसर्गनियमानेच हजार लिटरला सुमारे एक युनिट लागते. त्याखाली कोणतेही यंत्र जाऊ शकत नाही. विजेशिवाय किंवा नाममात्र विजेवर शहराला समुद्राचे पाणी गोडे करून देतो, अशी जाहिरात करणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

तीन-चार युनिट हा आकडा चेन्नईसारख्या ठिकाणचा आहे, जिथे शहर आणि समुद्र जवळजवळ एकाच पातळीवर आहेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. एक हजार लिटर म्हणजे एक टन पाणी तेवढे वर चढवायला शुद्ध गणिताने दोन युनिट लागतात, आणि पंप-मोटारीची घट, पाइपातले घर्षण धरले की ते तीन युनिटांच्या आसपास जाते. म्हणजे पाणी गोडे करायला जेवढी वीज, जवळजवळ तेवढीच ते चोर्ला घाट चढवायला. म्हादई लवादाने २०१८ च्या निवाड्यात कळसा आणि भांडुरा या नाल्यांतून मलप्रभा नदीत वळवण्यासाठी कर्नाटकाला अनुक्रमे १.७२ आणि २.१८, मिळून ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. तेवढेच पाणी समुद्रातून आणायचे ठरवले तर वर्षभर रोज ३० कोटी लिटर लागेल, म्हणजे मिंजूरसारखे तीन प्रकल्प. त्यासाठी हजार लिटरला साडेसहा युनिट धरले तर रोज सुमारे २० लाख युनिट वीज, म्हणजे रात्रंदिवस ८० मेगावॉटहून अधिक. युनिटला सात रुपये धरा, वर्षाचे वीजबिल ५०० कोटी रुपयांच्या घरात जाते. यात यंत्र, पाइप, पडदे, जमीन आणि व्याज काहीच धरलेले नाही.

याचा अर्थ मी कळसा-भांडुरा योजनेच्या बाजूने लिहितो आहे असा कोणी काढू नये. कणकुंबीच्या जंगलाचे काय होणार, खानापूर तालुक्यातल्या गावांना त्यातून काय मिळणार, हे वेगळे आणि गंभीर प्रश्न आहेत. माझे म्हणणे एवढेच की त्या प्रश्नांना उत्तर म्हणून समुद्राकडे बोट दाखवणे म्हणजे हिशेब न मांडता वाद मिटवणे आहे. आकाशातला सूर्य दरवर्षी हेच काम फुकट करतो. समुद्राचे पाणी गोडे करून सह्याद्रीच्या माथ्यावर, थेट आपल्या खानापूरच्या डोक्यावर आणून ओततो. ते साठवण्याचे आणि जपण्याचे काम आपल्याला नीट जमलेले नाही.

शेतीला हे पाणी द्यावे असे म्हणणाऱ्यांसाठी उसाचे गणित पुरेसे आहे. चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात एक एकर उसाला पावसासकट सुमारे ८० लाख लिटर पाणी लागते आणि उतारा चाळीस टन धरला तर टनाला दोन लाख लिटर पडतात. पावसाचा वाटा म्हणून निम्मे वजा करा. उरलेल्या एक लाख लिटरला, वरच्या दराने, फक्त विजेचे साडेचार हजार रुपये होतात, आणि कारखाना टनाला साडेतीन हजारांच्या आसपास देतो. पिण्याच्या पाण्याचा हिशेब मात्र वेगळा निघतो, आणि तो मांडताना मी स्वतःच चकित झालो. घाट चढवून आणलेल्या हजार लिटरची वीज ४५ रुपयांची होते, तर आपल्याकडच्या खेड्यांत कॉइन टाकून पाच रुपयांत वीस लिटरचा कॅन भरणारा माणूस हजार लिटरला २५० रुपये मोजत असतो.

विजेनंतरचा प्रश्न उरलेल्या पाण्याचा. समुद्राचे शंभर लिटर पाणी घेतले तर चाळीस-पंचेचाळीस लिटर गोडे मिळते आणि पंचावन्न-साठ लिटर जवळजवळ दुप्पट खारे होऊन उरते. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार जगातले सुमारे १६ हजार प्रकल्प रोज ९,५०० कोटी लिटर गोडे पाणी देतात आणि त्याबरोबर १४,२०० कोटी लिटर अतिखारे पाणी बाहेर टाकतात. हे पाणी जड असते. ते तसेच सोडले तर मिसळण्याऐवजी तळाशी बसते आणि तिथल्या गवताला, शिंपल्यांना, माशांच्या पिलांना प्राणवायू मिळेनासा होतो. अनेक तोंडांच्या नळीने, जोराने, वर फेकून ते लवकर मिसळवता येते, आणि उघड्या समुद्रात, जिथे प्रवाह चांगला आहे तिथे, नुकसान बरेच आटोक्यात राहते. खाडीत किंवा नदीच्या मुखाशी मात्र ते अजिबात सोडू नये. पाणी आत ओढताना माशांची अंडी आणि पिलेही जाळीतून आत जातात. किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्याला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्याला विचारावे मात्र लागते, आणि तेच होत नाही.

तेव्हा माझ्या मते हे तंत्र किनाऱ्याचे आहे. जिथे चढ नाही, अतिखारे पाणी सोडायला उघडा समुद्र आहे आणि उन्हाळ्यात विहिरींत खाऱ्या पाण्याचा शिरकाव होतो, अशा कारवारपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या गावांना मापात बसवलेले प्रकल्प उपयोगी पडतील. तेही आधी गळती थांबवून आणि वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरात आणून, कारण सांडपाण्यात क्षार समुद्राच्या मानाने नगण्य असल्यामुळे तेच पाणी पुन्हा पिण्यायोग्य करायला वीज कितीतरी कमी लागते. घाई केली की काय होते त्याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. मोठ्या दुष्काळात मेलबर्नने प्रचंड प्रकल्प हाती घेतला. तो २०१२ च्या अखेरीस तयार झाला तोवर धरणे भरली होती, आणि पाण्याची पहिली मागणी पुरवायला २०१७ उजाडले. मधल्या काळात एक थेंब न घेता शहर कंत्राटाचे हप्ते भरत होते. उलट त्याच देशातल्या पर्थला पाऊस खरोखरच कमी झाला आणि तिथे असे प्रकल्प वर्षभर चालतात. यंत्र दोन्हीकडे सारखेच होते.

आता घराजवळचे एक सांगतो, कारण मला या विषयाकडे वळवले ते यानेच. माझी सासुरवाडी अथणी तालुक्यात आहे. तिथले बोअरचे पाणी मचूळ, जमिनी वर्षानुवर्षांच्या पाटपाण्याने क्षारपड झालेल्या. गावात कॉइनवर चालणारे शुद्ध पाण्याचे युनिट आले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण त्या खोलीच्या मागच्या बाजूने एक पाइप निघून उघड्या गटारात सोडला होता आणि गटार शेजारच्या परड्यात उतरत होते. मी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजायचे यंत्र, लावून पाहिले, तर पाइपातले पाणी मूळ बोअरच्या पाण्याच्या दीडपटीहून अधिक क्षारांचे होते. परड्यातली केळी वाळत चालली होती आणि घरमालकीण म्हणत होती की कीड पडली असावी. युनिट चालवणाऱ्याला विचारले तर तो म्हणाला, "ते वेस्ट पाणी आहे, काका." समुद्रकाठी निदान समुद्र असतो. आपल्याकडे काढलेले क्षार जातात कुठे, तर पुन्हा त्याच जमिनीत, आणि तिथून पुन्हा त्याच बोअरमध्ये.

बेळगाव शहरात तर बहुतेक घरांत या यंत्राची गरजच नाही. राकसकोप आणि हिडकल येथून येणारे पाणी मुळात गोडे असते. त्याला गाळणे आणि जंतू मारणे पुरते. तरी आपण ते आरओतून काढतो आणि एका लिटरसाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. एका लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथे अशी यंत्रे वापरू नयेत, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटले होते. विक्रेता घरी येऊन दोन तारा पाण्यात बुडवतो, पाणी तांबडे-काळे करून दाखवतो आणि आपण घाबरतो. तो रंग त्याच्या तारेच्या लोखंडाचा असतो. आमच्या घरातही असे यंत्र चार वर्षे होते, हे कबूल केले पाहिजे. सूनबाईने हिशेब करून ते काढले, मी नव्हे.

म्हणून पालिका, ग्रामपंचायती आणि जिल्हा पंचायत यांच्याकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी मागणी अगदी लहान आहे. प्रत्येक कॉइन युनिटच्या दारावर तीन आकडे रंगवलेले असावेत: बोअरच्या पाण्यातले क्षार, कॅनमधल्या पाण्यातले क्षार, आणि बाहेर सोडलेले पाणी किती व त्यातले क्षार किती. त्या शेवटच्या पाण्यासाठी गटाराऐवजी तळाला प्लास्टिक अंथरलेला, उन्हात वाळवायचा खड्डा असावा, किंवा ते निदान सार्वजनिक शौचालयाच्या टाकीला जोडावे. चुन्याच्या निवळीएवढाही खर्च नसलेल्या या तीन आकड्यांपासून सुरुवात झाली, तर कॅन भरायला आलेला माणूस दारात उभ्या उभ्या ते वाचील आणि पाइप कुठे जातो ते मागे जाऊन पाहील.

आपला नम्र,
एक निवृत्त टेस्ट बेंच कामगार,
अनगोळ, बेळगाव